मिगेल काब्रेरा : अनुकरणाच्या आक्षेपाविषयी

मेक्सिकोचा चित्रकार मिगेल काब्रेरा याची चित्रे सेव्हिलच्या मुरिल्यो या सतराव्या शतकातील स्पॅनिश चित्रकाराची छाया वाटतात, मग मेक्सिकोच्या कलेतिहासात त्याला एवढे मानाचे स्थान का, असा आपला प्रश्न आहे. मुरिल्योच्या मृदू, उजळ शैलीचा ठसा काब्रेरावर आहे, हे खरेच. मात्र १८व्या शतकातील न्यू स्पेनच्या, म्हणजे आजच्या मेक्सिकोभोवतीच्या स्पॅनिश वसाहतीच्या, बहुतेक चित्रकारांवर तो होता. माझ्या मते काब्रेराचे मोठेपण शैलीच्या नावीन्यापेक्षा चित्रकाराच्या मताला त्याने मिळवून दिलेल्या वजनात आहे.

ग्वादालूपेच्या मरियमेचे (येशूच्या मातेचे) चित्र हुआन दिएगो या मूलनिवासी भाविकाच्या अंगवस्त्रावर चमत्काराने उमटले, अशी श्रद्धा आहे. १७५१ मध्ये ते तपासण्यासाठी काही चित्रकारांना पाचारण करण्यात आले, त्यांत काब्रेरा होता. १७५६ मध्ये त्याने ‘माराविया अमेरिकाना’ हा ग्रंथ छापला. त्याचा निष्कर्ष भाविकाचाच आहे, पण तिथवर तो कापडाचा पोत, रंगाखालच्या लेपाचा अभाव आणि एकाच वस्त्रावर दिसणाऱ्या चार निरनिराळ्या रंगपद्धती यांची चिकित्सा करत पोहोचतो. धर्मपंडितांच्या प्रांतात हाताने काम करणाऱ्याने आपल्या व्यवसायाच्या ज्ञानावर साक्ष द्यावी, ही त्या समाजात लहान गोष्ट नव्हती. त्याने केलेली प्रतिकृती पोप चौदाव्या बेनेडिक्टकडे नेण्यात आली आणि १७५४ मध्ये पोपने ग्वादालूपेच्या मरियमेला न्यू स्पेनची संरक्षक म्हणून मान्यता दिली. त्याच सुमारास, म्हणजे सान कार्लोसची राजमान्य कला अकादमी स्थापन होण्याच्या कितीतरी आधी, मेक्सिको शहरातील चित्रकारांनी स्वतःची अकादमी उभारण्याचा प्रयत्न केला, त्यातही काब्रेरा अग्रभागी होता.

१७६३ ची सोळा ‘कास्ता’ चित्रे मात्र त्याच्या कुंचल्याची खरी कसोटी आहेत. स्पॅनिश, मूलनिवासी आणि आफ्रिकी वंशांच्या मिश्र कुटुंबांचे वर्गीकरण हा या प्रकाराचा ठरलेला विषय. त्यातील उतरंड अन्यायाची आहे आणि ती वास्तवाची हुबेहूब नोंद मानू नये. तरीही पहिल्या चित्रातील कापडाच्या दुकानापुढे उभे असलेले कुटुंब पाहावे. मनिलाहून अकापुल्कोला येणाऱ्या गलबतांतून चिनी रेशमाबरोबर हिंदुस्थानातील सुती कापडही मेक्सिकोत पोहोचत असे, आणि त्या काळच्या वस्त्रांची श्रीमंती काब्रेराने ज्या बारकाईने रंगवली आहे, त्याच बारकाईने पुढच्या काही चित्रांत फाटके कपडेही रंगवले आहेत. आईबाप आणि मुले यांच्यातील जिव्हाळा तर वर्गीकरणाच्या चौकटीत मावतच नाही.

त्याच्या मोठ्या कार्यशाळेतून जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या संस्थांसाठी आणि चर्चसाठी अफाट काम बाहेर पडले, त्यामुळे दर्जा सारखा राहिला नाही. मुरिल्योची छाया प्रामुख्याने त्या धार्मिक चित्रांत दिसते. आपण त्यांवरून मत बनवले असेल, तर चापुल्तेपेकच्या किल्ल्यातील संग्रहालयात असलेले सोर (भगिनी) हुआना इनेस दे ला क्रूझ या जोगीण कवयित्रीचे व्यक्तिचित्र अवश्य पाहावे. तिचे निधन १६९५ मध्ये झाले आणि हे चित्र साधारण १७५० चे, म्हणजे आधीच्या चित्रांवरूनच केलेले. तरी ग्रंथांनी वेढलेली, थेट प्रेक्षकाकडे पाहणारी ही विदुषीच आज बहुतेकांच्या मनातील सोर हुआना आहे.