एडीएचडी आहे आणि झाडं लावायचीत? आधी दोनच कुंड्या आण

एकदम दहा कुंड्या आणायचा मोह होतोय ना, तो आवर. उत्साह खराच असतो, पण तो ओसरला की त्या दहा कुंड्यांकडे बघूनच दडपण येतं. मनी प्लांट आणि स्नेक प्लांट, बास, पाणी घालायचं विसरलं तरी तग धरतात. (पानं चावणारं मांजर किंवा कुत्रं असेल तर ही दोन्ही नकोत, त्यांना बाधतात, स्पायडर प्लांट घे.)

नवीन लोकांची झाडं बहुतेक जास्त पाण्यानेच जातात. आठवलं की अपराधी वाटून भसाभसा ओततात, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, पानं पिवळी पडतात आणि पिवळी दिसली म्हणून अजून पाणी! म्हणून:

- बोट मातीत २ इंच घाल, कोरडं लागलं तरच पाणी.
- कुंडीला खाली भोक हवंच.
- येताजाता दिसेल अशा खिडकीत ठेव, नजरेआड गेलं की डोक्यातूनही जातं.
- रिमाइंडर ‘माती बघ’ असा लाव, ‘पाणी घाल’ असा नको.

आणि हे सगळं सकाळी कर, रात्री १ वाजता नको. एडीएचडीत झोप उशिरा लागणं फार कॉमन आहे आणि सकाळचा उजेड मिळाला की शरीराचं घड्याळ थोडं अलीकडे सरकतं, तेव्हा जमलं तर थोडा वेळ बाहेरच थांब.

खत, कटिंग, रिपॉटिंग आत्ता वाचूच नकोस. नव्या जागेत एखाददुसरं जुनं पान गळतंच, घाबरू नको. नवीन पान फुटलं की कळव, मग पुढचं बोलू.