कासवांच्या फेरीला टॉर्च आणू नका

तुम्ही विचारलंय, ‘नोकरीसाठी पुण्याहून चेन्नईला आलोय, रात्री कासवांची अंडी शोधणाऱ्यांबरोबर यायचंय, तर टॉर्च कुठला घेऊ?’ घेऊच नका. अर्ध्या तासात डोळे अंधाराला सरावतात. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी पाण्याबाहेर येत असताना कुणी उजेड मारला, तर ती अंडी न घालताच परत फिरते. माझ्यासमोर एकदा झालंय हे, नुसत्या मोबाईलच्या फ्लॅशमुळे. फार जिवाला लागलं होतं.

इथे विद्यार्थ्यांचा एक गट १९८८ पासून हे काम करतोय. नीलांकरै ते बेसंट नगर, सातेक किलोमीटर, जानेवारीपासून उन्हाळ्यापर्यंत, रात्रभर पायी. बऱ्याच रात्री काहीच सापडत नाही, ती तयारी ठेवा. सापडतो तो आधी माग: दोन-अडीच फूट रुंद, ट्रॅक्टरचं चाक फिरल्यासारखा. माग जिथून परत वळतो तिथे काठी हलकेच टोचत जायचं. घट्ट वाळूत ती अडते आणि एका जागी अलगद आत जाते. मग हातांनीच उकरायचं. खड्डा दीड फूट खोल, तोंडाशी अरुंद, तळाशी मडक्यासारखा फुगीर. आत शंभरेक अंडी, पिंगपाँगच्या चेंडूएवढी, ओलसर, बोट लागलं की कवच दबतं. ती न हिंदकळता नेऊन हॅचरीत, म्हणजे अंडी उबेपर्यंत राखायच्या सुरक्षित जागेत, तेवढ्याच खोल पुरायची. मात्र हे जाणत्यांचं काम. हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, परवानगीशिवाय अंड्यांना हात लावणं गुन्हा आहे.

अंडी हलवावी लागतात याचं मला आजही वाईट वाटतं. आपल्या कोकणात वेळासला ती कोल्ह्या-कुत्र्यांपासून वाचवायला हलवतात. इथे कुत्री आहेतच, पण त्याहून घातक उजेड. पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी पिल्लं रात्री बाहेर पडतात आणि उजळ दिसेल त्या बाजूला धावतात. एरवी ती बाजू समुद्राची, शहरात रस्त्याची. एका पहाटे दिव्याच्या खांबाखाली पिल्लू मिळालं होतं, डोळ्यांवर वाळू चिकटलेली, वल्ह्यासारखे पाय डांबरावर अजून हलत होते. पाण्याच्या कडेला सोडलं, तेव्हा लाटेने उचललं त्याला.

गडद कपडे घाला, पाणी घ्या, चपला काढून हातात धरायची सवय करा. आणि घर किनाऱ्यालगत असेल तर गच्चीवरचे समुद्राकडचे दिवे फेब्रुवारी ते मे रात्री बंद ठेवायला सोसायटीला सांगा. आमच्या इमारतीत त्याला दोन वर्षं लागली, पण आता वॉचमनच आठवणीने बंद करतात.