मिरजेहून आई-वडील उमराहला जाणार आहेत. मेनिंजायटिसची (मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या आजाराची) लस कधी घ्यावी, किती वर्षं चालते?

सौदीत पोचण्याच्या किमान 10 दिवस आधी. निघायच्या आठवड्यात सांगलीत धावपळ करून टोचलेली लस नियमात बसत नाही. संरक्षण तयार व्हायला तेवढे दिवस लागतातच. लस या आजाराच्या जंतूच्या ए, सी, वाय आणि डब्ल्यू-135 अशा चारही प्रकारांवरची हवी. मोठ्यांना एकच मात्रा, दंडात.

कॉन्जुगेट लस (जंतूच्या आवरणातली साखर प्रथिनाला जोडून केलेली) 5 वर्षं धरतात, जुनी पॉलिसॅकराइड (नुसत्या साखरेची) 3. घोळ इथेच होतो: दाखल्यावर ‘कॉन्जुगेट’ लिहिलेलं नसेल तर 3 च वर्षं मोजतात. म्हणून लसीचं पूर्ण नाव, बॅच नंबर आणि तारीख समोर उभं राहून लिहून घ्या.

बी प्रकार या लसीत येत नाही. त्यामुळे परतल्यावर ताप, आखडलेली मान किंवा दाबूनही न फिकटणारे लाल-जांभळे डाग दिसले, तर सकाळची वाट न पाहता थेट मोठं हॉस्पिटल गाठा.