बोटीतल्या किंवा कॅम्पर व्हॅनमधल्या टॉयलेटची मैल्याची टाकी रिकामी, तरी काटा ‘फुल’वर?

पातळी मोजणारा सेन्सर लगेच बदलू नका. बहुतेक वेळा दोष मळाचा असतो: फ्लोट (पातळीबरोबर वर-खाली होणारा तरंगता भाग) दांडीवर चिकटून बसतो, नाहीतर प्रोबवर (पातळी ओळखणाऱ्या धातूच्या टोकांवर) कागद नि क्षारांचा ओला थर साचतो आणि त्यातूनच वीज वाहते, म्हणून टाकी भरलेली दिसते.

आधी वायरींची टोकं बघा, हिरवट गंज चढलाय का.

मग टाकी उपसा. सेन्सर बुडेल इतकं गोडं पाणी भरा, बाटलीवरच्या मापाने एन्झाइम क्लीनर घाला, रात्रभर राहू द्या. सकाळी उपसून दोनदा धुवा.

ब्लीच अजिबात नको! लघवीतल्या अमोनियाशी मिळून विषारी वायू निघतो. तारेचा ब्रशही नको, ओरखड्यांत मळ आणखी धरतो.

आणि फ्लशला पाणी सढळ सोडा. टाकी लवकर भरू नये म्हणून नवखे इथेच काटकसर करतात, नि थर तिथूनच साचायला लागतो.