एका दिवसात पुणे? पेठांपासून सुरुवात करा

प्रश्न (लातूर): ताई, मुलाच्या कॉलेजप्रवेशासाठी पुण्याला येतोय. काम उरकल्यावर एक अख्खा दिवस हाताशी आहे. सिंहगड, पर्वती, शनिवारवाडा, आगाखान पॅलेस, सारसबाग एवढं सगळं बसेल का?

उत्तर: बसवलंत तर बसेल, पण निम्मा दिवस रिक्षात जाईल. माझं ऐका, सिंहगड पुढच्या खेपेला ठेवा आणि हा दिवस जुन्या पेठांना द्या, तोही पायी.

सकाळी लवकर कसबा गणपतीला या. हे पुण्याचं ग्रामदैवत. तिथून चार पावलांवर लाल महाल आहे. शिवरायांचं बालपण जिथे गेलं आणि १६६३ मध्ये शाहिस्तेखानावर जिथे छापा पडला, तो मूळ महाल उरलेला नाही. दिसते ती नंतर बांधलेली वास्तू, हे मुलाला आधीच सांगा.

पुढे शनिवारवाडा. "आत काहीच नाही" म्हणत लोक दहा मिनिटांत बाहेर पडतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. १७३० मध्ये पाया घातलेल्या या वाड्याच्या आतल्या इमारती १८२८ च्या आगीत गेल्या. म्हणून तो जमिनीकडे बघत पाहायचा. दिल्ली दरवाजावरचे खिळे बघा, ते हत्तीची धडक थोपवायला आहेत. आत दालनांची जोती मोजा, हजारी कारंज्यापाशी थांबा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळातून शहरात आणलं गेलं. ते वाड्यात खेळलं आणि पेठांमधल्या हौदांतही पोहोचलं. आज 'फडके हौद चौक' अशी पाटी दिसली की त्या पाण्याची आठवण ठेवा.

मग बाजीराव रस्त्याने विश्रामबागवाड्याकडे चाला. त्याचा लाकडी सज्जा आणि सुरूच्या आकाराचे खांब रस्त्यावरूनच दिसतात. तिथून तुळशीबागेत शिरा. दुकानांच्या गर्दीत आतलं राममंदिर बहुतेकांच्या नजरेतून निसटतं. शेवटी १८८६ ची मंडई. तिथे भूक लागलेली असेलच, मिसळ खा. मेट्रोही तिथूनच मिळते.

प्रश्न (नागपूर): मागच्या वेळी पेठेत पत्ता शोधताना फार फिरलो. मॅप गल्लीत नेऊन सोडतो. काय करावं?

उत्तर: घर क्रमांक सांगू नका, जवळचा देव सांगा. पत्र्या मारुती, जिलब्या मारुती, सोट्या म्हसोबा, खुन्या मुरलीधर, पासोड्या विठोबा: पेठांमध्ये पत्ते असे लागतात. पासोड्या विठोबापाशी पूर्वी पासोड्यांचा, म्हणजे जाड पांघरुणांचा, बाजार भरायचा, म्हणून ते नाव. ज्यांच्याकडे जायचंय त्यांना निघण्याआधीच विचारून घ्या, "तुमच्या जवळ कोणता मारुती?" आणि दुपारी एक ते चार या वेळेत खरेदीचा बेत ठेवू नका, पेठेतली पुष्कळ दुकानं तेव्हा बंद असतात.

प्रश्न (रत्नागिरी): आई सत्तरीची आहे, गुडघे दुखतात. तिला पर्वती दाखवायची फार इच्छा आहे.

उत्तर: पर्वतीला शंभरावर पायऱ्या आहेत. आईंना त्या चढायला लावू नका. त्यांना आगाखान पॅलेसला न्या. बाग प्रशस्त आहे, झाडं मोठी आहेत, घाई करणारं कुणी नाही. १९४२ मध्ये गांधीजींना इथे नजरकैदेत ठेवलं होतं. त्यांचे सचिव महादेवभाई देसाई त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इथे वारले आणि कस्तुरबा फेब्रुवारी १९४४ मध्ये. दोघांच्या समाध्या आवारातच आहेत. आईंच्या वयाची माणसं तिथे बराच वेळ शांत उभी राहिलेली मी पाहिली आहेत. परतीचं वाहन आधी ठरवून ठेवा, म्हणजे त्यांना रस्त्यावर ताटकळावं लागणार नाही.

प्रश्न (सोलापूर): जुलैमध्ये येतोय. पाऊस लागला तर?

उत्तर: राजा केळकर संग्रहालय. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने उभारलेलं. दिवे, अडकित्ते, वाद्यं, दरवाजे, सगळं रोजच्या वापरातलं. सगळी दालनं धावत पाहू नका. अडकित्त्यांपाशी अर्धा तास काढा, एकसारखे दोन सापडतात का बघा.

प्रश्न (नाशिक): गणपतीत यावं की टाळावं?

उत्तर: जरूर या, पण शेवटचे दिवस सोडून. पहिल्या तीन-चार दिवसांत सकाळी निघालात तर कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा हे पाचही मानाचे गणपती पायी होतात. गाडी पेठांच्या बाहेर ठेवा.