शंकासमाधान : म्युऑन आणि जमिनीखालचा कार्बन

प्रश्न : जमिनीखाली साठवलेल्या कार्बन डायऑक्साइडवर म्युऑन मोजून लक्ष ठेवायचं, तर डिटेक्टर कुठे बसवायचा? उत्तर किती दिवसांत मिळतं?

उत्तर : म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनसारखे, पण त्याहून जड कण. ते आकाशातून येतात, आणि वाटेतल्या खडक-पाण्याचं वजन जितकं कमी तितके जास्त खाली पोचतात, म्हणून डिटेक्टर साठ्याच्या खालीच हवा. त्यासाठी साठ्याखालून आडवी बोअर न्यावी लागते. जमिनीवर तळहाताएवढ्या जागेत सेकंदाला एखाद-दोन म्युऑन पडतात. ८०० मीटर खडकाखाली एका चौरस मीटरवर दिवसभरात साधारण ३००.

आता हिशेब करू. वालुकाश्माचा थर ५० मीटर जाड, सच्छिद्रता ३५ टक्के, आणि छिद्रांतलं निम्मं खारं पाणी (घनमीटरला १०३० किलो) हटून तिथे दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड (६५० किलो) आला. दर चौरस मीटरमागे डोक्यावरचं ३३०० किलो वजन घटलं, म्हणजे एकूण भाराच्या ०.२ टक्के. म्युऑन वाढतात जेमतेम ०.८ टक्के. ही वाढ मोजणीतल्या त्रुटीच्या (नोंदींच्या आपोआप होणाऱ्या चढउताराच्या) तिप्पट दिसायला १.४ लाख नोंदी लागतात. बोअरमधल्या ०.२ चौरस मीटरच्या एकाच डिटेक्टरला त्यासाठी सहा वर्षं पुरणार नाहीत. वीस बसवले तर चार महिने. वायू भरण्याआधीची मोजणी याहून लांब ठेवा, तिच्यातली त्रुटी पुढच्या प्रत्येक तुलनेत येते.

प्रश्न : वायू भरणं बंद असतानाही उन्हाळ्यात नोंदी वाढल्या. यंत्र बिघडलं का?

उत्तर : बहुधा नाही. उन्हाळ्यात वरची हवा तापून विरळ होते. त्यामुळे पायॉन (वैश्विक किरण हवेवर आदळून बनणारे अल्पायुषी कण) हवेतल्या अणूंवर आदळण्याआधीच मोडून म्युऑन होण्याचं प्रमाण वाढतं. खोलवर हा फरक १ ते २ टक्क्यांचा, म्हणजे आपण शोधतोय त्या ०.८ टक्क्यांच्या वाढीहून मोठा! नुसता आकडा कधीच वाचू नका. साठ्यातून येणाऱ्या आणि साठा टाळून, पण तितक्याच कलाने येणाऱ्या म्युऑनचं गुणोत्तर काढा. ऋतूचा परिणाम बराचसा कटतो. साठा समुद्राखाली असेल तर भरती-ओहोटीची वेळवार नोंदही हवी. ३.३ मीटर भरती आली की घटलेलं सगळं वजन भरून निघतं.

प्रश्न : गळती कळेल का?

उत्तर : एका डिटेक्टरने नाही. वायू त्याच रेषेत वर सरकला तर स्तंभाचं वजन फारसं बदलत नाही, म्हणून दोन ठिकाणांहून तिरक्या रेषा एकमेकींना छेदायला हव्यात. वायू पाण्यात विरघळला तर पाणी किंचित जड होऊन नोंदी कमी होतात. त्याला गळती समजू नका. नॉर्वेच्या स्लाइपनर साठ्यात १९९६ पासून वायू भरला जातोय, आणि तो कुठवर पसरला हे पुन्हापुन्हा केलेल्या भूकंपीय सर्वेक्षणांतून (जमिनीत कंपनलहरी सोडून त्यांचे प्रतिध्वनी टिपून) दिसलं. ती सर्वेक्षणं चालूच ठेवा. म्युऑनने दोन सर्वेक्षणांमधल्या काळात अखंड पहारा द्यावा.