मोबाईलवर रेसिपीचे व्हिडिओ काढायचेत, ४के ठेवू का १०८०पी? नवा कॅमेरा लागेल का?

कॅमेरा आत्ता अजिबात घेऊ नका, आहे तो मोबाईल पुरतो. १०८०पी म्हणजे १९२० गुणिले १०८० पिक्सेल, ४केमध्ये त्याच्या बरोब्बर चौपट, त्यामुळे फाईल फुगते आणि जुना लॅपटॉप एडिटिंगला रडतो. फोडणीचा क्लोजअप नंतर कापून घ्यायचा असेल तर तेवढा शॉट ४केत काढा, बाकी सगळं १०८०पी. फॉरमॅट, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत, एच.२६४ ठेवा, एच.२६५ने जागा वाचते खरी पण जुन्या मशीनवर अडकत चालतं. आणि हो, किचनच्या ट्यूबखाली व्हिडिओत पट्टे सरकताना दिसले तर प्रो मोडमध्ये (कॅमेऱ्याची सेटिंग्ज हाताने बदलता येतात तो मोड) शटर स्पीड १/५० सेकंद करा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे ना म्हणून. पैसे घालायचेच तर आधी ट्रायपॉड आणि कॉलरला लावायचा माइक घ्या, मिक्सरच्या आवाजात तुमचं बोलणंच कळलं नाही तर कोणी थांबत नाही.